संकटांच्या नकाशाची भाषा

भारतातील नैसर्गिक आपत्तींविषयीचे कोणतेही शासकीय वा अर्धशासकीय प्रकाशन उघडले, की आरंभीच्या पानांतच एक ठराविक परिच्छेद दृष्टीस पडतो. देशाच्या एकूण भूमीपैकी सुमारे ५९ टक्के भूमी मध्यम ते अतितीव्र भूकंपांच्या टप्प्यात आहे. ४ कोटी हेक्टर, म्हणजे सुमारे १२ टक्के भूमी पूरप्रवण आहे. ७,५१६ किलोमीटर लांबीच्या किनाऱ्यापैकी सुमारे ५,७०० किलोमीटर किनारा चक्रीवादळांच्या व त्सुनामीच्या माऱ्यात येतो. लागवडीयोग्य क्षेत्रापैकी ६८ टक्के क्षेत्राला अवर्षणाचे भय आहे. पोथीच्या आरंभी मंगलाचरण यावे तसा हा परिच्छेद येतो आणि मंगलाचरणाप्रमाणेच तो वाचला न जाता ओलांडला जातो. अहवालांतून तो पाठ्यपुस्तकांत उतरला, पाठ्यपुस्तकांतून स्पर्धा-परीक्षांच्या मार्गदर्शिकांत गेला आणि आता सुशिक्षित मराठी माणसाच्या सामान्य ज्ञानाचा तो एक भाग होऊन बसला आहे. एवढा प्रसार पावलेल्या मजकुराची संहिता म्हणून परीक्षा व्हावयास हवी होती. ती मात्र क्वचितच झालेली दिसते.

या परिच्छेदातील प्रत्येक वाक्याचा कर्ता भूमी आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. भूमी टप्प्यात आहे, भूमी प्रवण आहे, किनारा माऱ्यात आहे. त्या भूमीवर कोण राहते, कशा घरात राहते, किती दाटीने राहते याविषयी वाक्य मौन पाळते. लडाखमधील निर्मनुष्य पठाराचा एक चौरस किलोमीटर आणि उत्तर बिहारमधील गजबजलेल्या खेड्यांचा एक चौरस किलोमीटर या टक्केवारीत एकाच तोलाचे ठरतात. शिवाय चारही वाक्यांतील छेद निरनिराळे आहेत. कोठे एकूण भूमी, कोठे किनारा, कोठे लागवडीची जमीन. परंतु एकापुढे एक मांडल्यामुळे ते एकाच मापाने मोजले गेल्याचा भास होतो. त्यातही किनाऱ्याची गोष्ट मोठी मौजेची आहे. अलीकडे अधिक सूक्ष्म प्रमाणावर मोजणी झाली तेव्हा भारताचा किनारा ११,००० किलोमीटरांहून अधिक लांब भरला. समुद्र पुढे सरकला नव्हता वा मागेही हटला नव्हता. पट्टी तेवढी बदलली होती. खाड्यांची व आखातांची वळणे जितक्या बारकाईने मोजावीत तितका किनारा लांबत जातो. तेव्हा ७,५१६ पैकी ५,७०० या अपूर्णांकाला जो नेमकेपणा आहे तो अंकांच्या पेहरावाचा आहे.

पुराचा आकडा तर याहून उद्बोधक आहे. राष्ट्रीय बाढ आयोगाने १९८० मध्ये ४ कोटी हेक्टरांचा जो अंदाज दिला तो एका बेरीज-वजाबाकीतून निघाला होता. निरनिराळ्या राज्यांत कोणत्याही एका वर्षी जास्तीत जास्त जेवढे क्षेत्र पाण्याखाली गेले होते त्यांची बेरीज सुमारे ३ कोटी ३५ लाख हेक्टर. त्यात तटबंधांनी संरक्षित झालेले सुमारे १ कोटी हेक्टर मिळविले. आणि संरक्षण फसून बुडालेले, म्हणून दोनदा मोजले गेलेले ३५ लाख हेक्टर वजा केले. म्हणजे ‘पूरप्रवण’ या एका विशेषणाखाली बुडणारी जमीन आणि बुडण्यापासून वाचविलेली जमीन या दोन्ही एकत्र नांदत आहेत. आयोगाने हे लपविलेले नाही. आकड्याची घडण त्याने उघडपणे नोंदविलेली आहे. ती गळून पडली आणि आकडा तेवढा शिल्लक राहिला, हा दोष पुढच्या उद्धृतकारांचा होय.

भूकंपविभागांच्या नकाशाचा इतिहास हा या संपूर्ण प्रकाराचा सर्वांत स्वच्छ नमुना म्हणता येईल. भूकंपरोधक बांधकामाची भारतीय मानकसंहिता १९६२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्यातील नकाशात शून्य ते सहा असे सात विभाग होते. त्या नकाशाच्या दृष्टीने दक्षिणेचे द्वीपकल्प हे प्राचीन, स्थिर, निश्चल असे पाषाणपीठ होते आणि त्याचा फार मोठा भाग तळाच्या अंकांत मोडत होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना खोऱ्यात ६.३ प्रतीचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे मृत्यू पावली आणि कोयनानगरच्या घरांची रया गेली. १९७० च्या आवृत्तीत कोयनेचा परिसर एकदम चौथ्या विभागात गेला. त्याच वेळी ‘शून्य’ हा विभागच रद्द करून पहिल्यात विलीन करण्यात आला. भूकंपाची शक्यता शून्य आहे असे कोणत्याही प्रदेशाविषयी शास्त्राला म्हणता येत नाही, हे त्यामागील कारण होते. कारण बिनतोड आहे. पण ते १९६२ मध्येही तितकेच बिनतोड होते. शून्य हा अंक श्रेणीतील पहिली पायरी म्हणून योजला गेला होता, आणि वाचणाऱ्याने त्याचा अर्थ ‘नाही’ असा घेतला. त्याला दुसरा कोणता अर्थ घेता आला असता?

शून्य गेले, तरी एकने त्याची जागा घेतली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांतील गावे उद्ध्वस्त केली, तेव्हा तो प्रदेश पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी भयाच्या विभागात मोडत होता. मृतांची संख्या आठ हजार ते दहा हजारांच्या दरम्यान दिली जाते. भूकंपाची प्रत ६.२ होती, अशा प्रतीचे धक्के हिमालयाच्या पट्ट्यात अपूर्वाईचे नाहीत. संहार इतका मोठा झाला तो मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींमुळे आणि वर्षानुवर्षे मातीचे थर चढून जड झालेल्या माळवदांमुळे. आदल्या दिवशी अनंतचतुर्दशी होती. विसर्जनाहून उशिरा परतलेली गावे गाढ झोपेत होती. त्याआधीच्या वर्षभरात त्या परिसरात हादरे बसत होते, जमिनीतून आवाज येत होते, लोक त्याविषयी बोलत होते. पण लोकांच्या बोलण्याला नकाशातील अंकाएवढे वजन नव्हते. पुढे २००२ च्या आवृत्तीत हा प्रदेश तिसऱ्या विभागात आला आणि पहिला विभाग दुसऱ्यात मिळवून टाकण्यात आला. त्यामुळे त्या आवृत्तीच्या नकाशाची श्रेणी दोनपासून सुरू होऊन पाचावर संपते. पहिला विभाग कोठे गेला, असा प्रश्न वर्गातील विद्यार्थी हमखास विचारतात; त्याचे उत्तर भूगोलात नसून किल्लारीत आहे.

या नकाशावर मागाहून शहाणपणा शिकविण्याचा आरोप करणे सोपे आहे, परंतु तो आरोप पुरता न्याय्य ठरणार नाही. संहितेतील नकाशा मुळात नागरिकासाठी काढलेला नव्हताच. इमारतीवर भूकंपाचा आडवा जोर किती धरून आराखडा करावा, हे स्थापत्य अभियंत्याला सांगणे एवढेच त्याचे काम होते. त्यासाठी प्रत्येक विभागाला एक गुणक दिलेला आहे. २००२ च्या संहितेत दुसऱ्या विभागाला ०.१०, तिसऱ्याला ०.१६, चौथ्याला ०.२४ आणि पाचव्याला ०.३६. अभियंता हे गुणक वाचतो. विभागाचा क्रमांक त्याच्या लेखी केवळ खुणेची चिठ्ठी असते. सामान्य वाचकाच्या हाती मात्र चिठ्ठीच तेवढी पडते. दोन आणि पाच यांतील अंतर त्याला अडीचपट वाटते. प्रत्यक्षात ते साडेतीनपटींहून अधिक आहे. दोषाचे मूळ येथे आहे. एका व्यवसायाच्या अंतर्गत व्यवहारासाठी रचलेले वाक्य त्या व्यवहारातून उचलून सार्वजनिक ज्ञानाच्या पदावर बसविले गेले, आणि बसविताना त्याचे व्याकरण बदलले. ‘येथे बांधताना एवढा जोर धरावा’ हे मूळचे विध्यर्थी वाक्य होते. ‘येथे एवढे भय आहे’ असे ते विधान झाले, आणि तळाच्या विभागांपुरते ‘येथे भय नाही’ असे आश्वासन झाले.

विध्यर्थ गमावल्याचे परिणाम २६ जानेवारी २००१ रोजी दिसले. त्या दिवशी नकाशा चुकला नव्हता. कच्छ पाचव्या, सर्वोच्च विभागातच होता. भूकंपकेंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेले अहमदाबाद तिसऱ्या विभागात होते. तरीही तेथील बहुमजली इमारती कोसळून शेकडो माणसे गेली. अंक बरोबर होता, त्याची आज्ञा कोणी पाळली नव्हती. ५९ टक्क्यांच्या वाक्यात निम्म्याहून अधिक वाटा याच तिसऱ्या विभागाचा आहे, आणि ‘मध्यम’ या मवाळ विशेषणाखाली तो झाकला जातो.

आता मराठी शब्दांकडे वळता येईल. आपत्तींचा शासकीय मराठी शब्दसंग्रह मुख्यतः दोन उत्तरपदांवर उभा आहे: ‘प्रवण’ आणि ‘ग्रस्त’. घटना घडण्यापूर्वी गाव दरडप्रवण, पूरप्रवण, अवर्षणप्रवण असते; घडून गेल्यावर ते दरडग्रस्त, पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त होते. ‘प्रवण’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ उतार असलेला, खाली झुकलेला असा. पाणी उताराकडे धावते त्यावरून एखाद्या गोष्टीकडे कल असणारा हा अर्थ आला, आणि मराठीत तो चिंतनप्रवण, भावनाप्रवण अशा स्वभावदर्शक शब्दांत स्थिरावला. ‘दरडप्रवण’ या शब्दात तो योगायोगाने आपल्या धात्वर्थाच्या जवळ जाऊन पोहोचला आहे, ही गोष्ट व्युत्पत्तीच्या अभ्यासकाला आनंद देणारी आहे. पण ‘अवर्षणप्रवण’ हा शब्द पाहावा. १९७३-७४ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय कार्यक्रमामुळे तो रूढ झाला. माण, आटपाडी, जत या तालुक्यांना तो लागतो तेव्हा जणू अवर्षण हा त्या मातीचा स्वभावदोष आहे, असा ध्वनी त्यातून उमटतो. एखादा माणूस संतापप्रवण असावा तसा तालुका अवर्षणप्रवण आहे. स्वभावाला औषध नसते अशी मराठीत म्हणच आहे, आणि या समासात तिचा सूर ऐकू येतो.

‘ग्रस्त’ची कहाणी वेगळी आहे. ग्रासलेला, गिळलेला हा त्याचा अर्थ. ग्रहणाच्या संदर्भात तो जुना आहे. आपत्तीच्या भाषेत मात्र हे उत्तरपद हक्काचे झाले आहे. जो पूरग्रस्त ठरतो त्याला मदत मिळते. जो ठरत नाही तो चिखल काढीत राहतो. याच साच्यावर मराठीने ‘धरणग्रस्त’ आणि ‘प्रकल्पग्रस्त’ हे शब्द घडविले. धरण ही शासनाची कृती, पूर ही निसर्गाची; परंतु भाषेने दोहोंना एकाच समासात बसविले. हे कोणा कोशकाराने वा परिभाषा-समितीने योजून केलेले नाही. विस्थापितांच्या चळवळींतून आणि वृत्तपत्रांतून शब्द रुळला, आणि त्याच्या रचनेतच एक निवाडा दडलेला आहे: गिळला गेलेल्याच्या दृष्टीने गिळणारा कोण हे गौण आहे.

कोयना खोऱ्यात तर ही दोन्ही विशेषणे एकाच कुटुंबाला लागू शकली. शिवाजीसागराच्या पाण्याने ज्यांची गावे हलविली ते धरणग्रस्त. १९६७ मध्ये ज्यांची घरे पडली ते भूकंपग्रस्त. आणि या दोन घटनांचा परस्परसंबंध हाच पुढे भूकंपशास्त्रातील एक गाजलेला प्रश्न झाला. जलाशय भरू लागल्यानंतर परिसरात लहान हादऱ्यांचे सत्र सुरू झाले, जलाशयाच्या पातळीशी त्यांचा मेळ दिसू लागला, आणि जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचे जगातील अग्रगण्य उदाहरण म्हणून कोयनेचे नाव ग्रंथांत गेले. आरंभीच्या लेखनात अशा भूकंपांना ‘जलाशयप्रेरित’ या अर्थाची संज्ञा होती. पुढे अनेक अभ्यासकांनी ती सोडून ‘जलाशयाने चालना दिलेला’ या अर्थाची संज्ञा स्वीकारली. युक्तिवाद असा, की खडकातील ताण आधीच साचलेला होता, तो भूगर्भाचा होता. जलाशयाने शेवटचा धक्का तेवढा दिला. शास्त्रीयदृष्ट्या हा भेद महत्त्वाचा आहे आणि तो करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण शब्द बदलला की कर्तृत्वाची वाटणी बदलते, हेही खरे. पहिल्या संज्ञेत धरण कर्ता आहे, दुसरीत ते निमित्तमात्र आहे.

जुन्या मराठीला हा प्रश्न अगदीच अपरिचित नव्हता. मराठेशाहीतील वसुलीच्या कागदपत्रांत ‘अस्मानी-सुलतानी’ ही फारसी वळणाची जोडी येते. आभाळातून आलेले संकट ते अस्मानी. सत्तेकडून आलेले, फौजेच्या स्वारीचे वा जुलमाचे, ते सुलतानी. दोहोंपैकी कशानेही पीक गेले तर सारा सोडावा वा कमी करावा, असा व्यवहार या जोडीच्या पाठीशी होता. म्हणजे ते विशेषण वर्णनाचे नसून जबाबदारीचे होते. ‘नैसर्गिक आपत्ती’ या आधुनिक शब्दाने यांपैकी अर्धा भाग घेतला आणि अर्धा टाकून दिला. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ ची व्याख्या या बाबतीत रूढ भाषेच्या पुढे आहे. तीत नैसर्गिक कारणांबरोबर मानवनिर्मित कारणे, अपघात आणि हयगय यांचाही समावेश होतो. इतकेच नव्हे, तर घटनेची तीव्रता त्या क्षेत्रातील समाजाच्या तोंड देण्याच्या शक्तीबाहेरची असावी, अशी कसोटी घातलेली आहे. या कसोटीने आपत्ती ही वाऱ्याच्या वेगात किंवा पावसाच्या मिलिमीटरांत न राहता घटना आणि समाज यांच्यातील नात्यात येऊन बसते. मराठी अहवाललेखनाने ही व्याख्या उद्धृत केली. ती पचविली असे मात्र दिसत नाही.

अस्मानी आणि सुलतानी यांतील भेद लोकभाषा किती नेमकेपणाने करते, याचे एक उदाहरण कच्छच्या रणात उभे आहे. १८१९ च्या भूकंपाने तेथे जमिनीचा एक लांबलचक उंचवटा वर आला आणि त्याने सिंधूच्या पूर्वेकडील फाट्याचे पात्र अडविले. त्याच प्रवाहावर माणसांनी घातलेले बंधारे आधीपासून होते. त्यांच्याहून वेगळा ओळखू यावा म्हणून लोकांनी या उंचवट्याला ‘अल्लाबंद’ म्हटले, आणि भूविज्ञानाने ते नाव तसेच स्वीकारले.

शब्द काढून टाकल्याने वस्तू जाते असा विश्वास ज्या एका विधेयकाने प्रकट केला त्याचा उल्लेख येथे टाळता येण्यासारखा नाही. महाराष्ट्र राज्याने १९६३ मध्ये एक कायदा करून राज्यात लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ ही संज्ञाच वगळली आणि तिच्या जागी ‘टंचाई’ या अर्थाची संज्ञा घातली. शेतीच्या परिस्थितीवर शासनाची सतत नजर असते, टंचाईची चिन्हे दिसताच उपाय योजले जातात, तेव्हा दुष्काळ उद्भवण्यास वावच उरलेला नाही, अशी त्यामागील भूमिका होती. तीत केवळ दंभ होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. ब्रिटिश अमदानीतील दुष्काळसंहितांच्या छायेतून बाहेर पडू पाहणाऱ्या नव्या राज्याची ती महत्त्वाकांक्षाही होती. नऊ वर्षांनी १९७२ चे अवर्षण आले. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे शासकीय कामांवर खडी फोडीत होती. उपासमारीने होणारा मोठा संहार टळला, हे या कामांचे यश मान्य करावेच लागते. रोजगार हमीच्या १९७७ च्या कायद्याचा पाया तेथेच घातला गेला. पण त्या वर्षाला लोकांनी काय म्हटले? ‘बहात्तरचा दुष्काळ’. ‘बहात्तरची टंचाई’ असे एकाही मराठी माणसाच्या तोंडून कधी निघाले नाही. कायद्याने हटविलेला शब्द लोकांनी सनावळीत कोरून ठेवला.

हा संघर्ष तेथेच थांबला नाही. २०१५-१६ मध्ये शासकीय कागदांवर ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ असा प्रयोग होऊ लागला. ‘सदृश’ हे उपमेचे पद. दुष्काळासारखा आहे, पण दुष्काळ नव्हे! साहित्यशास्त्रात उपमेने उपमेयाची शोभा वाढते. येथे तिने देणे कमी होत होते. मुंबई उच्च न्यायालयात वाद गेला आणि मे २०१६ मध्ये शासनाला ‘दुष्काळ’ हाच शब्द स्वीकारावा लागला. आणेवारीची गोष्टही याच मालिकेतली. सोळा आणे पीक ही पूर्ण पिकाची जुनी कल्पना. दशमान नाणी आली आणि कागदावर ‘पैसेवारी’ झाली, तरी गावात अजून आणेवारीच लावली जाते. पन्नास पैशांच्या खाली की वर, या एका रेषेवर गावाचे नाव यादीत येते वा जाते. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पाऊस सारखाच न पडल्याची अनेक वर्षे शेतकऱ्यांच्या आठवणीत आहेत.

विजेची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. देशात निसर्गाच्या कोपाने होणाऱ्या मृत्यूंत वीज पडून होणाऱ्यांचा वाटा फार मोठा आहे. दरवर्षी २,००० हून अधिक माणसे तिने मरतात. शेतात, झाडाखाली, एकेकटी मरतात, म्हणून नकाशावर त्यांचा डाग पडत नाही. चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात (२०१५-२०) केंद्राच्या मदतनिधीच्या मुख्य यादीत वीज नव्हती. राज्यांना आपल्या निधीतील दहा टक्के मर्यादेत तिची सोय करावी लागे.

याउलट ओडिशाच्या किनाऱ्याचे उदाहरण नकाशांच्या टीकाकारानेही विसरू नये. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन आले तेव्हा सुमारे १० लाख लोकांना आधीच हलविण्यात आले होते, ३ मे २०१९ च्या फनीच्या वेळी सुमारे १२ लाखांना. आणि दोन्ही वेळी मृतांची संख्या दोन अंकांत राहिली. वादळाच्या नकाशात ओडिशाचा रंग १९९९ मध्ये जो होता तोच २०१९ मध्येही होता. बदलला तो नकाशा आणि माणूस यांच्यामधला मजकूर: इशारा, निवाऱ्याची इमारत, तेथवरचा रस्ता, आणि इशाऱ्यावर विश्वास ठेवण्याची सवय. भूमीला कर्ता करणाऱ्या वाक्यात या गोष्टींना जागाच नाही. घरांच्या भिंती व छपरे कशाची आहेत याची जिल्हावार कोष्टके देणारा ‘व्हल्नरेबिलिटी ॲटलस’ हा नकाशासंग्रह १९९७ मध्ये प्रथम निघाला आणि २००६ व २०१९ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या. तो या दृष्टीने अधिक सुज्ञ ग्रंथ म्हणावा लागेल. माळवद, कच्ची वीट, मातीतला दगड यांना तेथे प्रथमच नकाशाच्या शेजारी स्थान मिळाले. आश्चर्य एवढेच, की उद्धृत करणारे त्यातूनही पुन्हा ५९ टक्केच उचलतात.

पुराच्या भाषेतील आणखी एका वाक्प्रचाराने केलेला घोटाळा तपासण्याजोगा आहे. महाराष्ट्रात नदीकाठी निळी रेषा आणि लाल रेषा आखतात. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे मराठीत बारा वर्षांतून एकदा येणाऱ्या सिंहस्थासारखे ऐकू येते: एकदा येऊन गेला की शतकाची निश्चिंती. मूळ कल्पना आवर्तनाची नसून संभाव्यतेची आहे. कोणत्याही एका वर्षी असा पूर येण्याची शक्यता शंभरांत एक. म्हणून तीस वर्षे त्या रेषेवर राहणाऱ्या कुटुंबाला तो गाठण्याची शक्यता शंभरांत सव्वीस. सांगली-कोल्हापूरने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सोळा वर्षांत पाहिले, तेव्हा तेथील लोकांनी त्या वाक्प्रचाराचा नाद सोडून दिला असल्यास नवल नाही. ते निराळ्या भाषेत बोलतात. सांगलीत पावसाळ्यात प्रश्न असतो, ‘आयर्विनला किती?’ कोल्हापुरात, ‘राजारामला किती?’ आयर्विन पुलाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. राजाराम बंधाऱ्याशी ३९ आणि ४३. अमुक फुटाला पाणी कोणत्या गल्लीत शिरते, कोणत्या देवळाच्या पायरीला लागते, हे तेथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेले आणि अनेकांचे पाठ असलेले कोष्टक संपले. त्यापुढची गल्ली कोणालाच ठाऊक नव्हती. तरीही मोजणीची ही रीत शतकाच्या हिशेबाहून सरस आहे, कारण तिचा शून्यबिंदू ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आहे. उत्तर बिहारच्या लोकभाषेत चढत्या पाण्याला बोह, हुम्मा, साह आणि शेवटी प्रलय अशी पायरीपायरीची नावे होती, हे दिनेश कुमार मिश्र यांनी नोंदविले आहे. तटबंध आले आणि पायऱ्या मोडल्या. ‘सुरक्षित’ आणि ‘असुरक्षित’ अशा दोनच अवस्था उरल्या. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे कोसीचा तटबंध फुटला आणि नदीने पूर्वेकडील जुना मार्ग धरला, तेव्हा सुपौल-मधेपुऱ्याकडची जी लाखो माणसे पाण्यात सापडली ती कागदोपत्री संरक्षित क्षेत्रातली होती.

‘धोका’ आणि ‘जोखीम’ हे दोन शब्द आता आपत्तिशास्त्रात पारिभाषिक म्हणून योजले जातात: घटनेची शक्यता तो धोका, आणि तिच्यामुळे होणाऱ्या हानीची शक्यता ती जोखीम. वाटणी वाईट नाही. मराठी ‘धोका’ हिंदीतल्याप्रमाणे फसवणूक सुचवीत नाही, ही सोयच आहे. ‘जोखीम’ मात्र अधिक खोल शब्द आहे. बाजाराच्या व्यवहारात जोखमीचा माल म्हणजे मौल्यवान माल, ज्याच्या सांभाळाची जबाबदारी कोणीतरी घेतलेली आहे असा. जोखीम भूमीत नसते, ती कोणीतरी पत्करलेली वा कोणावर तरी टाकलेली असते. या नामाला आपला धनी लागतो. ‘रायगड जिल्ह्याची जोखीम’ असे म्हणताना तो धनी हरवतो. २०२३ च्या भूस्खलनविषयक नकाशासंग्रहात देशातील १४७ जिल्ह्यांचा क्रम लावलेला आहे आणि रुद्रप्रयाग त्यात पहिला आहे. जिल्हा हे एकक मोजणाऱ्याच्या सोयीचे आहे. दरड मात्र वाडीवर कोसळते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर आला. दुसऱ्या दिवशी विधिमंडळात सांगण्यात आले, की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. ते खरे होते. त्या वाक्याची रचना तेवढी पाहण्याजोगी आहे: कर्ता वाडी, क्रियापद नकारार्थी, आणि यादी सप्तमीत, स्थळ म्हणून. यादी कोणीतरी केली होती, आणि करताना एक वाडी सुटली होती, हे सांगणारे वाक्यही मराठीत तितक्याच शब्दांत होऊ शकले असते.